बागेत बसते, पण बसवत नाही

पत्र

ताई, माझं वय ५४. आई गेली त्याला आता १४ महिने झाले. त्याआधी चार वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं मीच केलं. भाऊ लांब असतो, तो फोन करायचा. आई गेल्यावर जो तो म्हणाला, आता जरा स्वतःकडे बघ. घरामागे जमिनीचा तुकडा होता, त्यात नुसतं रान माजलेलं. तिथे मी बाग केली. आज चाळीसेक कुंड्या आहेत, दोन वाफे आहेत, एक वेल आहे, बसायला बाकडं आहे. येणारे-जाणारे बाग बघून खूश होतात.

मैत्रीण म्हणाली, रोज सकाळी बागेत बसून ध्यान कर, मन शांत होतं. दोन महिने करून बघतेय. सहाला बाकड्यावर बसते, पाठ ताठ ठेवते, डोळे मिटते, श्वासाकडे लक्ष देते. दोन मिनिटं होत नाहीत तोच आठवतं, काल त्या झाडाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला होता. नाहीतर पलीकडच्या वाफ्यातलं तण. उठते, खुरपं घेते. भानावर येते तेव्हा आठ वाजलेले असतात. मग स्वतःचाच राग येतो की दहा मिनिटं धड बसता येत नाही मला. कुंड्या तर रोज पाव-पाव फिरवते, सगळ्या बाजूंनी ऊन लागायला हवं ना. एखाद्या दिवशी राहिलं तर दिवसभर चुकचुकत राहतं.

रात्री तीनला जाग येते, अजूनही. त्या वेळी आईची कूस बदलायची असायची. आता कुणाची बदलायची नाही, तरी डोळे उघडतात ते उघडतातच, आणि पाच वाजेपर्यंत छताकडे बघत पडून राहते. ह्यांचं म्हणणं, तुला बागकाम आवडतं ना, मग बसायचा हट्ट कशाला? पण काम करून मला बरं वाटत नाही, ताई. काम करून मी दमते, एवढंच. माझं काय चुकतंय?

– तीनची जागी

उत्तर

प्रिय ‘तीनची जागी’,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नेहमीच्या सवयीने बाजूला मुद्दे काढायला घेतले होते. डोळे उघडे ठेवा, गजर लावा, खुरपं कुलुपात ठेवा, असं बरंच काही. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीशी अडखळले. ‘कुंड्या तर रोज पाव-पाव फिरवते.’ आणि तिच्यानंतर दोन-तीन ओळींवरच, ‘त्या वेळी आईची कूस बदलायची असायची.’

तुम्ही कुंड्यांची कूस बदलताय हो.

हे तुमच्या लक्षात आलं असेल की नाही, मला माहीत नाही. लिहिताना आलेलं नसावं, कारण दोन वाक्यं तुम्ही दोन वेगळ्या परिच्छेदांत टाकलीत. पण एकदा दिसल्यावर मला पत्रात दुसरं काही दिसेनाच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला नि टाचांना जखमा होतात. हे ज्याने केलंय त्यालाच त्यातलं ओझं कळतं. उचलायचं वजन त्यात फारसं नसतं, खरा भार असतो तो सतत कान टवकारून राहण्याचा. चार वर्षांत तुमच्या नजरेला एक वळण लागलं. समोर जे दिसेल त्यात काय बिघडलंय ते आधी हेरायचं. त्वचा लाल झालीय का, श्वास वेगळा लागतोय का, चादर ओली आहे का. ती नजर तेव्हा लाखमोलाची होती. तिनेच आईला सांभाळलं.

आई गेली, नजर मागे राहिली. आणि तुम्ही तिच्यापुढे चाळीस नवे रुग्ण आणून ठेवलेत.

म्हणून बागेत बसल्यावर तुम्हाला फूल दिसत नाही, पिठ्या ढेकूण दिसतो. तुमच्या ध्यानाच्या पद्धतीत मला काही खोट दिसत नाही. पाठ ताठ, श्वासावर लक्ष, सगळं रीतसर आहे. पण तुम्ही ड्युटीवर असताना ध्यानाला बसताय. वॉर्डाच्या मधोमध खुर्ची टाकून नर्सला म्हणायचं, मीट डोळे, हो शांत. ती बिचारी डोळे मिटेलही, पण कान मिटणार आहेत का? उलट डोळे मिटल्यावर तिची काळजी दुप्पट होईल, कारण आता तिला दिसतही नाही.

तुमच्या यजमानांचं अर्ध म्हणणं खरं आहे. मातीत हात घातल्यावर कित्येकांचं मन खरोखर हलकं होतं. त्यांना वेगळं ध्यान लागत नाही, तण उपटणं हेच त्यांचं ध्यान. पण तुम्ही स्वच्छ लिहिलंय की काम करून बरं वाटत नाही, दमायला होतं. यात तुमचा शब्द शेवटचा. आज तुमच्यासाठी बागकाम हे मागचीच नोकरी पुढे चालू ठेवणं आहे, फक्त मालकीण बदललीय. उद्या ते बदलेलही.

तर मी आता तुम्हाला जे करायला सांगणार आहे ते तुम्हाला जड जाणार आहे. बागेतला एक कोपरा सोडून द्या.

अगदी शब्दशः. हात पसरल्यावर मावेल एवढी, साधारण एक मीटर लांब-रुंद जमीन निवडा, शक्यतो कुंपणाला लागून. तिथे आजपासून खुरपं नाही, कात्री नाही, खत नाही, झारीही नाही. जे उगवेल ते उगवू दे, जे वाळेल ते वाळू दे. पालापाचोळा पडेल, तो पडू दे. पहिले पंधरा दिवस तो कोपरा तुमच्या डोळ्यांत सलेल. येणारे-जाणारे म्हणतील, अहो एवढी छान बाग आणि इथे हे काय? सांगा, ताईंनी सांगितलंय. माझ्यावर ढकला खुशाल.

मग बाकडं उचला आणि त्या कोपऱ्याच्या समोर मांडा, असं की चाळीस कुंड्यांकडे तुमची पाठ होईल.

एवढी एक गोष्ट केलीत आणि माझं बाकीचं उत्तर वाचलंच नाहीत तरी चालेल. वाचणार असाल तर का, ते सांगते.

झाडांकडे बघून माणसाला बरं वाटतं ही गोष्ट सगळेच बोलतात. तिच्यावर शास्त्रीय बोट ठेवलं ते रॉजर उल्रिक या संशोधकाने, १९८४ साली. त्याने एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या नोंदी काढल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींतून विटांची भिंत. सारख्या वयाच्या, सारख्या प्रकृतीच्या रुग्णांच्या त्याने जोड्या लावल्या, २३ जोड्या, म्हणजे ४६ माणसं. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. माणसं थोडी आहेत, रुग्णालय एकच आहे, त्यामुळे मी यावर इमले बांधणार नाही. पण मला त्यातली एक बाब फार महत्त्वाची वाटते. त्या ४६ जणांपैकी एकानेही त्या झाडांना पाणी घातलं नव्हतं. ती झाडं त्यांची नव्हतीच. ती खिडकीबाहेर आपली आपण उभी होती, आणि रुग्ण पडून बघत होते.

स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने याचंच पुढे स्पष्टीकरण दिलं. त्यांच्या मते आपलं लक्ष दोन तऱ्हांनी लागतं. एक लक्ष आपण जोर लावून लावतो. हिशेब करताना, गाडी चालवताना, रुग्णाच्या औषधाच्या वेळा सांभाळताना. हे लक्ष वापरून थकतं, आणि थकलं की माणूस चिडचिडा होतो, विसरभोळा होतो, त्याला साधे निर्णय घेणं जमेनासं होतं. दुसरं लक्ष आपोआप लागतं. ढग सरकताना, पानं हलताना, पाण्यावर ऊन चमकताना. त्यात जोर लावावा लागत नाही, आणि ते चालू असतं तेवढा वेळ पहिल्याला विश्रांती मिळते. आता तुमच्या सकाळी डोळ्यांपुढे आणा. बागेत बसून तुम्ही पुन्हा पहिलंच लक्ष कामाला जुंपता. आधी श्वासावर, मग पिठ्या ढेकणावर. दुसऱ्याला वावच मिळत नाही.

म्हणून डोळे मिटू नका. कोपऱ्याकडे बघत बसा. कशाकडे बघायचं हे ठरवू नका, नजर जिथे जाईल तिथे जाऊ द्या.

सकाळी सहाला काय दिसतं ते सांगते, कारण मीही बसते आणि माझ्याही पुढ्यात असाच एक ओसाड तुकडा आहे. गवताच्या पात्यांच्या अगदी टोकाला पाण्याचा एकेक थेंब असतो. वर्षानुवर्षं मी त्याला दव समजत होते. दव पात्यावर सगळीकडे बारीक धुक्यासारखं बसतं. हा टोकावरचा टपोरा थेंब बऱ्याचदा गवताचा स्वतःचा असतो. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पानांवरची छिद्रं मिटलेली असल्यामुळे त्याची वाफ होत नाही, मग जास्तीचं पाणी पात्याच्या टोकातून बाहेर येतं. थेंब फुगत जातो, त्यात कुंपण उलटं दिसतं, आणि मग तो कधीतरी पडतो. कधी ते सांगता येत नाही. मी एकदा एकाच थेंबाकडे तो पडेपर्यंत बघायचं ठरवलं, आणि नेमकी शिंक आली. परत बघितलं तर पातं रिकामं, अजून हलतंय.

दोन काड्यांमध्ये कोळ्याचं जाळं असेल. चाकासारखं गोल जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि रोज नवं विणतात. काल बघितलेलं जाळं आज नसेल तर हळहळू नका. थोडा वेळ गेला की मुंग्या दिसतील, आणि त्यांच्यातली एक नेहमी उलट्या दिशेला निघालेली असते. मला तिचं फार कौतुक आहे. आदल्या दिवशी शिडकावा झाला असेल तर मातीचा वास येईल. तो येतो मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि माणसाचं नाक त्याबाबतीत इतकं तिखट आहे की हवेत त्याचा अब्जावधीतला एखादा कण असला तरी आपल्याला तो कळतो. हे तुम्हाला पाठ करायला सांगत नाही. एवढंच म्हणतेय की सोडून दिलेल्या त्या मीटरभर तुकड्यात तुमच्या मदतीवाचून पुष्कळ काही चाललेलं असतं.

श्वासाचं काय, असं विचाराल. असू द्या तो आपल्या जागी. फार तर अधूनमधून एखादा श्वास सोडताना थोडा जास्त लांबवा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात, ही शरीराची घडणच आहे. लांब सोडलेला श्वास म्हणजे शरीराला दिलेला ‘जरा सैल हो’ असा इशारा. मोजत बसू नका. मोजायला लागलात की तुमच्यातली नर्स लगेच तक्ता काढेल.

आणि मन भटकणार. भटकतं म्हणून स्वतःचा राग येतो म्हणालात. २०१० साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सव्वादोन हजार माणसांना दिवसातून कधीही फोनवर विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. ही साधी, धडधाकट, आपापल्या कामात असलेली माणसं. तेव्हा तुमचं मन दोन मिनिटं टिकतं ही काही लाज वाटण्याची गोष्ट नाही. मी तर एका ध्यानशिबिरात दहा दिवसांसाठी नाव घातलं होतं आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून घरी आले. आजही बसते ती पंधरा-वीस मिनिटं, आणि त्यातली निम्मी तरी आज काय काय राहिलंय याची उजळणी करण्यात जातात.

पिठ्या ढेकूण आठवला तर काय करायचं, ते मात्र नीट सांगायला हवं, कारण तो आठवणारच. तो काही वीस मिनिटांत पळून जाणारा प्राणी नाही. जिथे चिकटला तिथे चिकटलेला असतो. मनात म्हणा, ‘आठ वाजता,’ आणि बसून राहा. त्यासाठी आठची वेळ खरीच ठेवायला हवी. आठ ते नऊ बागकाम, रोज, ठरवून. खुरपं, कात्री, झारी सगळं त्या वेळेत. मनाला एकदा खात्री पटली की आठला खरंच कुणीतरी बघणार आहे, की सहाला ते कमी ओरडतं. नुसतं ‘नंतर बघू’ म्हटलं तर विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवला नसतात, कुणी आईच्या औषधाबद्दल ‘नंतर बघू’ म्हटलं असतं तर.

उठावंसं वाटेल तेव्हा लगेच उठू नका, पण हट्टाने रोखूनही धरू नका. उठायची ऊर्मी आली की ती शरीरात कुठे येते तेवढं बघा. तुमच्या बाबतीत, मी पैज लावते, ती हातांत येत असेल. तळवे वळवळत असतील. हात मांडीवर पालथे ठेवा आणि त्यांना तिथेच ठेवून आणखी एक थेंब बघा. मग वाटलं तर उठा. हातावर हात धरून बसणं हे आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, पण तुमच्यापुरतं ते काही दिवस औषध म्हणून घ्यायचं आहे.

किती वेळ? सुरुवात दहा मिनिटांनी करा. २०१९ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी शहरात राहणाऱ्या ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा तरी झाडांत जायला सांगितलं आणि त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं द्रव्य, तपासलं. २० ते ३० मिनिटांत ते सगळ्यात झपाट्याने उतरताना दिसलं. त्यांना बसायची मुभा होती, चालायची मुभा होती. फोन, वाचन, गप्पा आणि व्यायाम मात्र बंद. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत असं आढळलं की आठवड्यातून एकूण निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली आहे असं जास्त प्रमाणात सांगतात. आता यात निसर्गामुळे तब्येत चांगली की तब्येत चांगली म्हणून निसर्गात, हे त्या पाहणीवरून ठरत नाही. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या घरच्या बागेत घालवलेला वेळ त्यात धरलेलाच नव्हता! पाहणी करणाऱ्यांनी तो का वगळला असेल यावर त्यांची काही तांत्रिक कारणं असतील, पण तुमचं पत्र वाचून मला वाटलं, बरोबरच केलं. स्वतःची बाग निम्मी कचेरीच असते.

म्हणून आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या बागेत जा. सार्वजनिक उद्यान, एखाद्या ओळखीच्यांचं अंगण, कुठेही, जिथलं तण उपटणं तुमचं काम नाही. तिथे बसून बघा हात किती वेळ गप्प राहतात. तिथलं तणही उपटायला लागलात तर मला जरूर कळवा, मग वेगळा विचार करू.

बाग ही बसून बघायचीच गोष्ट आहे असं मानणारी एक मोठी परंपरा जपानमध्ये आहे. क्योतोमध्ये र्योआन-जी नावाचं मंदिर आहे, तिथे पांढऱ्या खडीच्या आयतात १५ दगड मांडलेत. झाड नाही, फूल नाही, दगडांच्या पायथ्याशी थोडं शेवाळ तेवढं. बघणारा आत पाऊल टाकत नाही, ओसरीच्या फळ्यांवर बसून बघतो. आणि कुठेही बसलात तरी एक तरी दगड दुसऱ्यामागे लपतो, पंधराही एकदम दिसत नाहीत. ती खडी कुणीतरी नियमित दाताळ्याने विंचरतं, नाही असं नाही. पण विंचरायची वेळ वेगळी आणि बसायची वेळ वेगळी. सगळे दगड एका नजरेत येत नाहीत म्हणून तिथे कुणी कासावीस होत नाही. तुमच्यासारखी बाई पहिल्या दिवशी झाली असती, ती गोष्ट वेगळी.

डासांबद्दल, कडाक्याच्या थंडीबद्दल किंवा शेजारच्या आवाजाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण इतर वाचक विचारतील म्हणून सांगते. अंग झाकून बसा, पाऊस असेल तर दारात बसा, आवाज येतो तर येऊ द्या.

आता जरा अवघड भाग.

हात रिकामे झाले की काहीतरी वर येईल. आजवर खुरपं त्याला खाली दाबून ठेवत होतं. तुम्ही १४ महिन्यांत रडलात की नाही, हे पत्रात नाही. आई गेल्याचं एका वाक्यात लिहिलंत आणि तिच्याबद्दल पुढे जे आलं ते सगळं कामाचं. अंथरूण, सेवा, कूस. ती कशी होती, काय बोलायची, तिला काय आवडायचं, एक शब्द नाही. चार वर्षांच्या सेवेने कधीकधी आई झाकली जाते आणि रुग्ण तेवढा आठवतो. त्या ओसाड कोपऱ्यासमोर बसल्यावर कदाचित आजारपणाच्या आधीची आई आठवेल. रडू आलं तर रडा. झाडांना त्याचं काही नसतं, आणि सकाळी सहाला बघायलाही कुणी नसतं.

पण आठवणी अंगावर यायला लागल्या, छातीत धडधडायला लागलं, शेवटच्या दिवसांची चित्रं हटेनात, तर तसंच बसून राहणं म्हणजे धैर्य नव्हे. शांत बसणं सगळ्यांना सगळ्या वेळी मानवत नाही. उठा आणि चाला. बौद्ध परंपरेत बसण्याइतकंच चालण्याच्या ध्यानाला महत्त्व आहे, चंक्रमण म्हणतात त्याला. वीस-पंचवीस पावलांची सरळ वाट घ्यायची, सावकाश जायचं, टोकाला थांबायचं, वळायचं, परत यायचं. लक्ष तळपायांवर. टाच टेकते, चवडा टेकतो, दुसरी टाच उचलते. तुमच्या दोन वाफ्यांमधली वाट चालेल. वाटेत वाकायचं मात्र नाही.

तीनच्या जागरणाबद्दल. बाग ही झोपेवरचा उपचार आहे असं मी म्हणणार नाही. सकाळच्या उजेडात बसल्याने शरीराचं घड्याळ जागेवर यायला मदत होते, तेवढा फायदा खरा. बाकी, तीनला जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर छताकडे बघत पडू नका. दुसऱ्या खोलीत जा, मंद दिवा लावा, काहीतरी बिनमहत्त्वाचं करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळाकडे बघायचं नाही, ते उलटं करून ठेवा. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवा. आणि कृपा करून तीनला बागेत जाऊ नका. टॉर्च घेऊन गोगलगायी वेचायला लागाल, मी ओळखते आता तुम्हाला.

१४ महिने अशी झोप मोडतेय म्हणजे डॉक्टरांना सांगायला हवं, आणि हे मी मोघमात म्हणत नाही. याच महिन्यात जा. निद्रानाशावर गोळ्यांशिवायचेही चांगले उपचार आहेत, विचारून घ्या. झोपेसोबत दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर उदास वाटत असेल, कशात रस उरला नसेल, भूक गेली असेल किंवा आपण नसतो तर बरं असं मनात येत असेल, तर तेही त्यांना तसंच, त्याच शब्दांत सांगा. जगणंच नको वाटण्यापर्यंत मजल गेली असेल तर याच महिन्यात नको, आजच. चार वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या तब्येतीची बारीकसारीक लक्षणं डॉक्टरांना बिनचूक सांगितलीत. आता स्वतःची सांगताना ‘तसं काही विशेष नाही’ म्हणू नका.

राहता राहिल्या कुंड्या. सगळ्या फिरवणं एकदम बंद करा म्हटलं तर तुम्हाला ते जमणार नाही, आणि जबरदस्तीने केलंत तर दिवसभर चुकचुकाल. एकच कुंडी निवडा. तिला पाणी घाला, पण फिरवू नका. न फिरवल्याने झाड मरत नाही. फक्त उजेडाकडे झुकतं. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून दाखवलं होतं की उजेड ओळखतो तो कोंबाचा शेंडा, आणि वाकतो तो त्याखालचा भाग. सावलीच्या बाजूच्या पेशी जास्त लांब होतात, उजेडाच्या बाजूच्या कमी, की झालं, कोंब वळला. म्हणजे आपल्याला हवं तिकडे वळायचं काम झाडाला स्वतःला येतं.

ती कुंडी त्या सोडून दिलेल्या कोपऱ्यात नेऊन ठेवा, तिच्यापुरती झारी चालेल. महिन्याभरात ती एका बाजूला कलेल. किती कललीय आणि तुमच्या बाकड्याकडे कललीय की कुंपणाकडे, ते कळवा मला.

तुमची,
ताई